निळी पट्टी

सकाळचं वजन ही त्या घरातली दिवसाची पहिली गोष्ट झाली होती, चहाच्याही आधीची. धाकटी न्हाणीघराच्या दाराशी काट्यावर उभी राहायची, कशालाही हात न लावता, आणि थोरली चष्मा सावरत खाली वाकून आकडा वाचायची.

"एक्केचाळीस."

"काल एक्केचाळीस-तीनशे होतं." धाकटी उतरली. उतरताना तिने दाराची चौकट धरली, आणि धरली नाही असं दाखवलं. "तीनशे ग्रॅम कचरा गेला बघ."

"कचरा नाही गेला. तू गेलीस तीनशे ग्रॅम."

"शुभ बोल नाऱ्या!"

दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. थोरलीचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. धाकटीने लग्न केलंच नव्हतं. धाकटी रफूचं काम करायची. कोटाला पडलेलं जळकं भोक, शालीला उंदराने पाडलेलं खिंडार, तिने भरलं की उलटसुलट करून पाहिलं तरी सापडत नसे. थोरली सत्तावीस वर्षं एका प्रयोगशाळेत पेशींचं जेवण करत होती. कुणी विचारलं तर ती असंच सांगायची. प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत पेशी वाढतात, त्यांना गुलाबी पाणी लागतं, त्या पाण्यात साखर, क्षार, प्रथिनांचे सुटे तुकडे म्हणजे अमिनो आम्लं, सगळं मापाने पडावं लागतं. ते माप तिचं.

धाकटीच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाल्याला आठ आठवडे झाले होते. गाठ लहान करायची औषधं चालू होती. तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरली होती, आणि सर्जनने पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "पंचेचाळीसच्या खाली वजन गेलं तर मी चाकू लावणार नाही. काहीही खा, पण खा." तेव्हा ती एकोणपन्नास किलो होती.

आणि ती खात नव्हती. पाव नाही, भात नाही, बटाटा नाही, फळ नाही. उकडलेला पाला आणि त्याचं पाणी. गाठ साखरेवर जगते, तिची साखर तोडायची. बाकीच्या पेशी आपापला कचरा खाऊन तगतील आणि वर स्वच्छ होतील, हे तिचं शास्त्र होतं. हे शास्त्र तिला कुणा बुवाने सांगितलं नव्हतं. थोरलीने सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी. जेवताना. प्रयोगशाळेच्या सरांचा शोध तेव्हा नुकताच छापून आला होता, आणि त्यात शेवटी आभाराच्या ओळीत थोरलीचंही नाव होतं. तिने पेशीचा फोटो घरी आणला होता, काळ्यावर हिरवे ठिपके. "पेशीची साखर तोडली ना, की ती रडत बसत नाही," तिने सांगितलं होतं. "घर झाडायला घेते. जुनंपानं, मोडकंतोडकं पिशव्यांत भरते आणि स्वतःच खाऊन त्यावर जगते. हे ठिपके म्हणजे त्या पिशव्या."

"तुझ्यासारखीच की. उपासाच्या दिवशी कपाटं आवरत बसतेस ती."

"देवाने पेशीलासुद्धा उपास शिकवलाय बघ," थोरली म्हणाली होती. आठवड्याचा एक उपास ती लहानपणापासून पाळत आली होती. ते वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की त्या रात्री ते तिने प्रार्थनेतही म्हटलं.

आता तेच वाक्य तिच्या ताटासमोर येऊन बसायचं. आठ आठवड्यांत तिने समजावलं, रडली, बहीण जेवेपर्यंत गोड खाणार नाही असा नेम धरला. त्यावर धाकटी म्हणाली, "वा! मी आजाराने उपाशी, तू नेमाने उपाशी. शेजारणीला बोलावू का जेवायला? भांडी तरी खरकटी होतील."

शेवटी एके दिवशी थोरलीने पाल्याच्या पाण्यात दोन चमचे ग्लुकोजची पूड ढवळली. पहिल्याच घोटाला धाकटीने वाटी खाली ठेवली.

"यात काय घातलंयस?"

"काही नाही."

"ताई."

"काही नाही घातलं म्हटलं ना," थोरली म्हणाली, तिच्या डोळ्यांत बघून, हात मांडीत घेऊन.

धाकटीने वाटी मोरीत ओतली. "महिनाभर जिभेला गोड नाही. पावसाच्या थेंबात साखर असेल तरी कळेल मला आता," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती आपलं आपण शिजवून घेऊ लागली.

*

प्रयोगशाळेत पीएचडी करणारी एक मुलगी होती. केसांवरून सगळे तिला कुरळी म्हणत, तोंडावरसुद्धा. एक्केचाळीसच्या त्या सकाळी थोरली कामावर पोचली तेव्हा कुरळी तिच्या टेबलाशी उभीच होती.

"काकू, दोन मिनिटं. माझं तरी डोकं फिरलंय, नाहीतर सरांचं."

"सरांचं फिरलं तर निभेल. तुझं फिरलं तर पीएचडी राहील. बोल."

कुरळीने फोटो मांडले. "सरांचाच जुना प्रयोग परत करतेय. साखर तोडली की हिरवे ठिपके वाढतात, म्हणजे पेशी जास्त झाडते, असं आपण छापलं. पण काकू, गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग दिसला तर त्याचे दोन अर्थ होतात. लोक जास्त झाडतायत, किंवा उचलणारी गाडी आली नाही. म्हणून मी आधी गाडी बंद केली. एक औषध आहे, त्याने पिशव्या बांधल्या जातात पण पचत नाहीत. मग नुसत्या मोजायच्या. तासाभरात किती बांधल्या."

"मग?"

"पोटभर जेवलेल्या पेशींत इतक्या. अमिनो आम्लं तोडलेल्यांत ढीगभर. आणि नुसती साखर तोडलेल्यांत..." तिने तिसरा फोटो पुढे सरकवला. काळोखात चार-दोन हिरवे कण. "जेवलेल्यांपेक्षाही कमी. चारदा केलं. चारदा हेच."

थोरली फोटोकडे बघत राहिली. "साखर नाही तर झाडत नाही?"

"झाडायला बळ नको का? पिशवी बांधायची, ओढत न्यायची, पचवायची, सगळ्याला इंधन लागतं. पेशीत एक प्रथिन असतं, इंधनावर नजर ठेवणारा पहारेकरी म्हणा. पुस्तकं म्हणतात, इंधन संपलं की तो झाडणारीला हाक मारतो. मला उलटं दिसतंय. तो तिचा हात धरतो. थांब, आत्ता नको म्हणतो. आणि तिला मोडूनही देत नाही. जेवण परत आलं की ती कामाला लागावी, म्हणून जपून ठेवतो. मी वाचलं, आणखी एक-दोन ठिकाणीही लोकांना असंच दिसलंय."

"घरात पीठ नाही म्हणून कुणी चूल फोडत नाही," थोरली पुटपुटली.

"तेच! मग सरांना तेव्हा एवढे ठिपके कसे दिसले? त्या वेळचं बिनसाखरेचं पाणी तुम्हीच केलं होतं ना? काही आठवतं?"

थोरलीला आठवायची गरज नव्हती. तिच्याकडे वही होती. प्रत्येक बाटलीत काय, किती, कधी पडलं ते ती लिहून ठेवायची, आणि बाटलीला रंगीत पट्टी चिकटवायची. पूर्ण जेवणाला लाल. साखर नसेल तर निळी. अमिनो आम्लं नसतील तर पिवळी. दोन्ही नसतील, नुसते क्षार असतील, तर निळी आणि पिवळी दोन्ही. ही पद्धत तिनेच बसवली होती, आणि सगळी प्रयोगशाळा वहीपेक्षा पट्टीवर जास्त भरवसा ठेवायची. शीतगृहात जायचं, रंग बघायचा, बाटली उचलायची.

तिने दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. सरांच्या प्रयोगाच्या तीन आठवड्यांत तिने बिनसाखरेचं पूर्ण पाणी केलंच नव्हतं. त्याची पूड संपली होती. नवी आली ती पुढच्या महिन्यात. त्या तीन आठवड्यांत शीतगृहात होती ती एकच उपाशी बाटली, नुसत्या क्षारांची. नोंदीपुढे तिच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं: पिवळी पट्टी संपली, आली की लावणे.

लावणे. पुढे काहीच नव्हतं.

बाटलीत साखर नव्हती हे खरंच होतं. निळी पट्टी खोटं बोलली नव्हती, अर्धं बोलली होती. सरांनी निळा रंग पाहिला आणि बाटली उचलली. ज्या पेशींनी इतकं झाडलं होतं, त्यांची अमिनो आम्लंही तुटलेली होती; अंगातलं इंधन पुरलं तोवर त्यांना झाडायला लावलं ते त्या तुटवड्याने, साखरेच्या नव्हे.

थोरलीने वही मिटली. सरांचं काय होईल, छापलेल्या शोधाचं काय होईल, हे तिला सुचलंच नाही. तिला फक्त एक्केचाळीस दिसले.

"काकू? बसा. पाणी आणू?"

"नको," ती म्हणाली. "ही वही सरांना मी दाखवीन. आधी मला घरी जाऊ दे."

*

धाकटी खिडकीशी एका काळ्या कोटाची बाही मांडीवर घेऊन बसली होती. हात गार पडतात म्हणून बोटांची टोकं मधूनमधून काखेत धरायची आणि मग सुई उचलायची. थोरलीने चप्पलही न काढता सगळं सांगितलं. ठिपके, गाडी, पहारेकरी, पट्टी. "चूक माझी आहे. मी तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं. साखर तोडल्याने तू स्वच्छ होत नाहीयेस. तुझं शरीर सगळी कामं बंद करून बसलंय."

धाकटीने टाका पुरा केला. "बरं."

"बरं काय?"

"बरं म्हणजे ऐकलं."

"मग जेवशील?"

"ताई, ग्लुकोज घातलंस त्या दिवशीही तू अशीच बसली होतीस. हात मांडीत घेऊन, माझ्या डोळ्यांत बघत." आवाज चढला नाही. "तू आयुष्यात खोटं बोलली नाहीस म्हणून तुझं पहिलं ऐकलं. मग तू खोटं बोललीस. आता हे तिसरं. मी काय करू, चिठ्ठ्या टाकू?"

थोरलीने मांडीतले हात बाजूला घेतले.

"आणि तुला माहितीये का," धाकटी बाहीवर बोट फिरवत म्हणाली, "या सगळ्यात माझं असं एवढंच आहे. सुई दुसऱ्याची, औषध दुसऱ्याचं, तारीख दुसऱ्याची. मी फक्त आडवी पडते. न खाणं तेवढं मी स्वतः करते. ते तू काढून घेणार, आणि बदल्यात काय देणार? पट्टी संपली होती!"

"उपास आपण धरायचा असतो ग," थोरली म्हणाली. "हा उपास नाही राहिला. याने तुला धरलंय."

"हे पण छान वाक्य आहे. मागच्यासारखंच."

ते लागलं. लागावं तसंच लागलं. थोरली उठून आत गेली, चप्पल काढली, पाय धुतले, भिंतीकडे तोंड करून रोजची प्रार्थना म्हणू लागली आणि मधेच थांबली. बाहेर आली.

"माझ्यावर नको ठेवूस विश्वास. तुझे डोळे आहेत ना? धागे मोजतेस ना कापडातले? चल, मोज."

धाकटीने पहिल्यांदाच सुई खाली ठेवली. "काय मोजू?"

"ठिपके."

*

सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. जिने चढताना धाकटी प्रत्येक वळणावर थांबली आणि प्रत्येक वेळी भिंतीवरची सूचना वाचत असल्यासारखी उभी राहिली. कुरळीने तीन ताटल्या तयार ठेवल्या होत्या: एक जेवलेली, एक साखर तोडलेली, एक अमिनो आम्लं तोडलेली. तिन्हींना पिशव्या न पचू देणारं औषध दिलेलं.

"थांबा," धाकटी म्हणाली. "कुठली कुठली ते मला सांगायचं नाही. हिलापण नाही. ताई, तू दाराबाहेर जा."

"मी कशाला?"

"तुझा चेहरा वाचता येतो मला. जा."

तिने पिशवीतून दोरा काढला आणि कुरळीला दिला. एका ताटलीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. कुठली कशाची ते एकट्या कुरळीच्या कागदावर. मग धाकटी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली. थोरली दाराच्या काचेतून बघत होती. बहिणीची मान इतकी बारीक झाली होती की ब्लाउजच्या गळ्यात अख्खी मूठ मावली असती. पण पाठ ताठ होती. कामाला बसली की ती अशीच बसायची.

तिने घाई केली नाही. एका ताटलीत वीस पेशी, प्रत्येकीतले ठिपके, चुकलं तर परत पहिल्यापासून. दीड तास. मग तिने थोरलीला आत बोलावलं आणि कागद पुढे केला.

"एक गाठ, बावीसच्या आसपास. तीन गाठी, मोजता मोजता नाकी नऊ आले, साठ तरी. आणि दोन गाठी, सात. आठ. एकीत तर तीनच." तिने कुरळीकडे पाहिलं. "दोन गाठींवाली मेलीय का?"

"नाही. जिवंत आहे."

"मग कुठली आहे ती?"

कुरळीने आपला कागद उलटा केला. दोन गाठींपुढे लिहिलं होतं: साखर नाही.

धाकटी पुन्हा डोळे लावून बसली. बराच वेळ. मग डोळे न काढताच विचारलं, "मग करतेय काय ही इथे?"

"काहीच नाही," कुरळी म्हणाली. "वाट बघतेय."

"कशाची?"

"जेवणाची."

कोपऱ्यातलं शीतकपाट गुरगुरत होतं. कुरळी चुळबुळली. "मावशी, एक सांगते. ही ताटलीतली पेशी आहे. माणूस नाही. तुमच्या गाठीचं काय होतं, उरलेल्या शरीराचं काय होतं, हे यावरून मी छातीठोक नाही सांगू शकत."

"हे दोन वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणायला हवं होतं," धाकटी म्हणाली. "तू नव्हतीस तेव्हा. ही होती."

थोरलीने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

परतताना दुसऱ्या मजल्यावर धाकटी जिन्यातच बसली. या वेळी सूचना वाचायचं नाटक केलं नाही. "तुझ्या डब्यात काय आहे?"

"पाव. दुसरं काही नाही आज."

"दे."

तिने पावाचा कोपरा मोडला आणि खूप वेळ चावत बसली. "गोड लागतोय," ती म्हणाली.

"अगं, मी काही घातलेलं नाही त्यात. शपथ घेते."

"माहितीये. पावच गोड लागतोय." आणि मग तिच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं, तोंड चावत राहिलं, तिने पुसलं नाही.

*

इतके दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम वाढायचं नसतं. रुग्णालयातल्या आहारवाल्या बाईंनी पहिल्या आठवड्याला चमच्यांत माप दिलं, रोज रक्त तपासलं. थोरलीने मापात सूतभर इकडे तिकडे होऊ दिलं नाही. धाकटी म्हणायची, "सत्तावीस वर्षं पेशींना वाढलंस, तिथे कधी एवढी कंजुषी केली नसशील."

त्याच आठवड्यात थोरली वही घेऊन सरांकडे गेली. सरांनी पान दोनदा वाचलं, चष्मा काढला, परत लावला.

"या दोन वर्षांत किती जणांनी आपल्या या निष्कर्षाचा आधार घेतलाय, कल्पना आहे?"

"एकीची आहे," थोरली म्हणाली, आणि सांगितलं.

सरांनी त्या नोंदीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पट्टी बघून मी बाटली उचलली. वही शेजारीच होती." त्याच दुपारी त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं. थोरलीला रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ठरलेल्या तारखेला काट्याने त्रेचाळीस दाखवले. सर्जनने रक्ताचे आकडे पाहिले, धाकटीच्या दंडाची कातडी चिमटीत धरली.

"गाठ मी काढू शकतो. पण आतडं कापलं की दोन टोकं जोडावी लागतात. ती जोडणी..."

"कापड विरलंय," धाकटी म्हणाली. "टाका धरणार नाही. असंच ना?"

सर्जनने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही शिवणकाम करता?"

"रफू. विरलेल्या कापडाला टाका घातला की टाक्याच्या कडेने फाटतं. भोक होतं त्याहून मोठं होतं."

"अगदी तसंच. दोन मार्ग आहेत. आज करायचं, आणि जोडणी सुटायची भीती पत्करायची. किंवा चार आठवडे थांबून अंगात प्रथिनं भरू द्यायची. पण चार आठवडे गाठही थांबेल, याची हमी मी देत नाही."

धाकटीने मान वळवली. "ताई, तू सांग."

बोलायला थोरलीकडे खूप काही होतं. देव आहे, सगळं चांगलं होईल, थांबूया, नको थांबूया. तिने ते सगळं गिळलं.

"मला माहीत नाही."

"नक्की?"

"नक्की. मला खरंच माहीत नाही, ग."

धाकटीने तिच्या हातावर हात ठेवला. हात अजून गारच होता. "बरं झालं. थांबू या," ती सर्जनला म्हणाली. "विरलेल्या कापडात मी सुई घातली नसती."

चार आठवडे ती खात राहिली. भूक असो नसो, घड्याळ बघून. कधी उलटी व्हायची, मग अर्ध्या तासाने परत बसायची. जी ताकद तिने न खाण्यात ओतली होती तीच आता खाण्यात ओतली. जिद्द होती तशीच, तोंड फिरलं होतं. चव्वेचाळीस झाले. चव्वेचाळीस-सहाशे झाले. थोरलीने आकडा वाचला की धाकटी म्हणायची, "आला बघ कचरा परत." दोघी हसायच्या. पंचेचाळीस-दोनशे झाले त्या सकाळी मात्र थोरलीने काट्याला नमस्कार केला आणि धाकटीने तिची थट्टा केली नाही.

*

शस्त्रक्रियेला चार तास लागतील असं सांगितलं होतं. पन्नास मिनिटांत सर्जन बाहेर आला. थोरली बाकावर जपमाळ धरून बसली होती. तिने त्याला येताना पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि माळ पिशवीत ठेवली.

"यकृतावर पसरलंय. पोटाच्या अस्तरावरही," तो म्हणाला. "पहिल्या तपासणीत नव्हतं. आम्ही उघडलं, पाहिलं, आणि परत शिवलं. काढण्यात आता अर्थ नाही."

"ती उपाशी राहिली म्हणून?"

"माहीत नाही."

"चार आठवडे थांबलो म्हणून?"

"तेही माहीत नाही. कदाचित पहिल्या दिवशीच बी पडलेलं असेल, दिसलं नसेल. कुणी तुम्हाला ठामपणे सांगायला लागलं तर ऐकू नका." त्याने डोक्यावरची टोपी काढली. "तुमच्या बहिणीने खूप कष्ट घेतले. जखम भरेल. तेवढं बळ तिच्यात आलंय."

तिसऱ्या दिवशी धाकटीला उशीला टेकून बसवलं. तिला सगळं सांगून झालं होतं. सर्जननेच सांगितलं, तिने विचारलं तेवढं सगळं. ती खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं आणि वारा त्या परत परत दोरीवरून ओढत होता.

"किती दिवस, म्हणाला तो?"

"महिने म्हणाला. किती ते नाही म्हणाला."

"हं." मग, "ताई, मी पहिल्यापासून जेवले असते तर?"

हा प्रश्न येणार हे थोरलीला माहीत होतं. तीन दिवस तिने त्यासाठी उत्तरं जमवली होती. ती सगळी तिने बाजूला ठेवली. "त्याच तारखेला शस्त्रक्रिया झाली असती. मग काय झालं असतं ते माहीत नाही. कदाचित वाचली असतीस. ते कदाचित माझ्यामुळे गेलं."

धाकटी रडली नाही, आणि नाही ग, तुझ्यामुळे नाही, असंही म्हणाली नाही. तिने बराच वेळ मान हलवली, हिशेब पटल्यासारखी.

परिचारिका ताटली ठेवून गेली. मऊ भात, दूध, वाटीत कुस्करलेलं फळ. धाकटीने ताटलीकडे पाहिलं.

"आता कशासाठी खायचं ग? ना गाठ मारायची, ना वजन करायचं."

थोरलीने चमचा उचलला नाही. माप सांगितलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही.

"भूक लागली असेल तर खा," ती म्हणाली. "नसेल तर राहू दे."

गच्चीवरच्या बाईने शेवटी चादरीला चिमटे लावले. धाकटी बघत होती.

"लागलीय," ती म्हणाली, आणि ताटली स्वतःकडे ओढली.